प्रकृती ठणठणीत

६ जून
आले एकदाची सोलापुरात. अक्कलकोट रस्त्याला प्लॉट संपून वेड्या बाभळी सुरू होतात, तिथे बजाबाईंच्या घरची मागची खोली मिळाली. आल्याआल्या कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. काम माझ्या आवडीचं: उंदीर, घुशी, मुंगसं पिंजऱ्यात धरायची, कानाचा कणभर तुकडा घेऊन सोडून द्यायची आणि काळ्या आजाराचे जंतू त्यांच्यात लपलेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. वाळूमाशी चावते आणि जंतू एकातून दुसऱ्यात जातात. आमचे सिद्धलिंगप्पा साहेब म्हणाले, हा आजार माणसाकडूनच माणसाला होतो, जनावरांच्या मागे कशाला लागता. बघू.

बजाबाईंची नात पिंकी सात वर्षांची. परसात मुंगूस आलं की ती त्याला तोंड दाखवायला सांगते. शुभ असतं म्हणे, म्हणून त्याला रोज दूधभात.

२१ जून
परसातलं मुंगूस धरलं. तुकतुकीत, गलेलठ्ठ. कानात जंतू खच्चून भरलेले. मी खोलीत नाचले. साहेबांना फोटो पाठवला, तर म्हणाले, जनावर ठणठणीत आहे ना, मग तुमचीच काचपट्टी बिघडलीय. अहो, जंतूंचा साठा बाळगणारं जनावर असंच असतं, त्याला स्वतःला काही होत नाही. ऐकतो कोण. बजाबाईंना दूधभात बंद करा म्हटलं, तर त्याही फुगल्या. "लक्षुमीच्या पावलानं येतंय ते. आमी न्हाय हाकलणार."

१४ ऑगस्ट
पिंकीला तीन आठवडे ताप. पोट डाव्या बाजूला टणक लागतं. डॉक्टर टायफॉइड धरून बसलेत. काळ्या आजाराच्या चाचणीची किट आमच्या कार्यालयाच्या कपाटात पडून आहेत. पिंकीसाठी एक मागितलं, तर उत्तर आलं, प्रकल्प जनावरांचा आहे, माणसाची चाचणी त्यात बसत नाही. चौथा अर्ज दिला. डोकं फुटायची वेळ आलीय. पोर डोळ्यांदेखत वाळतेय.

२ सप्टेंबर
कपाट मीच उघडलं. काळा आजारच निघाला. मोठ्या दवाखान्यात औषध दिलं, ताप उतरला. मला कारणे दाखवा नोटीस. मुंगूस ज्यातून यायचं ते परसाच्या भिंतीचं भगदाड बजाबाईंनी स्वतः बुजवलं. पिंकी आता माझ्याच अंथरुणात झोपते, मला सोडत नाही. एवढं एक बरं झालं.

२८ सप्टेंबर
मुंगसं पुन्हा आली. पाच. भिंतीवरून उतरून भर दुपारी माझ्या दारात बसतात. खायला दिलं तर शिवत नाहीत. जवळ गेले तरी पळत नाहीत. एक तर रिकाम्या पिंजऱ्यात आपण होऊन शिरलं आणि कान जाळीला लावून बसलं. पाचांचेही कान तपासले. एकातही जंतू नाही.

मग माझ्याकडे काय बघतात?

१७ ऑक्टोबर
पिंकीला परत ताप. कुठून? जनावरं साफ आहेत. घरात फवारणी झालीय. माझ्या खोलीत तेवढी राहिली –

१८ ऑक्टोबर
माझ्या कानामागे गाठ. दुखत नाही. भूक चांगली, वजन दोन किलो वाढलंय. सुईने थेंब काढून पाहिला.

खच्चून भरलेले.

१९ ऑक्टोबर
साहेबांना फोन केला. म्हणाले, मी सांगतच होतो, माणसाकडून माणसाला. औषध मागितलं. म्हणाले, ताप आहे का? नाही? मग रुग्ण म्हणून नोंद होत नाही, ताप आला की या. हसू का रडू. दीड महिना ती पोर माझ्या कुशीत – मी तिला –

२० ऑक्टोबर, तिन्हीसांज
बॅग भरलीय. बाहेर पडता येत नाही, दारात ती बसलीत. ओळीने. बजाबाईंना आतून ओरडून सांगितलं, पिंकीला इकडे आणू नका. त्यांना पटत नाही. "तुमच्याच हातानं वाचली की पोर. तुमच्यापाशीच निजायचं म्हणतीया."

भिंतीवर वाळूमाश्या. माझ्या हातावर तीन, पोट भरलेल्या. मारल्या. अजून –

मुंगसं बाजूला झाली. बजाबाईंना वाट देतायत. कडी निखळली. पिंकी, नको, मागे हो, माझ्याजवळ –