ग्रीक पुस्तके थोरल्याला

मी सॅबिना, तत्त्वज्ञ आणि राजमंत्री एमिलियानस यांची विधवा, राहणार रोम, केलियन टेकडी. गुडघे गेले असले तरी डोके शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहवून घेत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

घर दोन्ही मुलांना समान. इटली जिंकून राज्य करणाऱ्या गॉथ लोकांच्या राजाने यजमानांना देशद्रोही ठरवून मारले, तेव्हा हे घर जप्त झाले होते. पुढे राजाच्या मुलीने ते परत दिले. यजमान काही परत मिळाले नाहीत.

स्वयंपाकीण थेक्ला माझ्यामागे दासी राहणार नाही. सगळी भांडीकुंडी तिची. यजमानांनी स्वतः बनवलेले पाण्याचे घड्याळही तिने न्यावे, मात्र त्याच्या भरवशावर मसूर शिजत ठेवू नये.

शेजारी सिनेटर कॅल्व्हस आमच्याकडे जेवले आणि आमच्याविरुद्ध साक्ष देऊन आले. ज्या आसनावर रेलून ते जेवत, ते त्यांना पोचते करावे.

आता पुस्तके. ग्रीकांचे सारे शहाणपण आपल्या लॅटिनमध्ये आणायचे, हा यजमानांचा ध्यास होता. काम अर्धेही झाले नाही. धाकटा पॉलिनस उत्तम ग्रीक जाणतो; थोरला मार्सियन घोड्यांत रमला. बापाला दोषी ठरवणाऱ्या सिनेटच्या ठरावावर मार्सियननेही सही केली, म्हणून पॉलिनस दहा वर्षे त्याच्याशी बोलत नाही. मार्सियन भ्याला होता. मीही भ्याले होते. मला कोणी सही मागितली नाही, इतकेच. दोघेही माझेच आहेत.

म्हणून ग्रीक पुस्तके सगळी मार्सियनला. अर्धवट लॅटिन मसुदे पॉलिनसला. कोणी विकायला काढल्यास त्याचा वाटा चर्चला.

काल हे कलम दोघांना वाचून दाखवले.

"आई, मला त्यातलं एक अक्षर ओळखता येत नाही गं," मार्सियन म्हणाला.

"याला दिलीस म्हणजे वाळवीच्या घशात घातलीस की!" पॉलिनस माझ्यावर उखडला.

"मग तू शिकव त्याला."

पॉलिनस थेट भावाला म्हणाला, "दादा, उद्या सकाळी ये. आणि अंघोळ करून ये, तबेला घेऊन येऊ नकोस."

मार्सियन आला आहे. शेजारच्या खोलीत तो चुकतो आहे, धाकटा ओरडतो आहे. हे मृत्युपत्र उघडण्याची कोणालाही घाई नसावी. मला अजून पुष्कळ ऐकायचे आहे.

साक्षीदार : वैद्य डायोडोरस, सोनार उर्सस आणि इतर पाच शेजारी. कायद्याप्रमाणे सातही शिक्के उमटवले.

सही : सॅबिना
रोम, ऑगस्टचा शेवटचा दिवस