सरळ केलेला सूर

किकवी,
गुरुवार

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

किकवीहून भोंगवली ती कितीशी लांब, त्यात दिवसाआड आपला फोन असतोच. मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर मी काही बोलायला गेलो की तू "जेवलास का" विचारतेस आणि माझं तोंड बंद होतं. म्हणून प्रेरणाच्या वहीतली पानं मागून घेतली. अक्षर वाईट आलंय. कितीतरी वर्षांत माऊस सोडून हातात दुसरं काही धरलेलं नाही.

तुझी लेक मजेत आहे. दहावीची परीक्षा झाल्यापासून पोरगी मोकळी झालीये. सकाळी आजीला पेपर वाचून दाखवते, दुपारी माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत येऊन बसते. आईचे गुडघे तसेच आहेत. सोमनाथ भाऊजींना म्हणावं, त्यांनी दिलेलं तेल संपलं, पण तिला उतार पडलेला नाही.

माझं म्हणशील तर थकलोय गं. कामाला तोटा नाही. परवा सारोळ्याच्या एकाच्या वाढदिवसाचं गाणं केलं, काल एकाच्या शर्यतीच्या बैलाचं. चाल तीच, नाव तेवढं बदलायचं. माणसं येतात, माईकसमोर कशीही ओरडतात आणि निघताना म्हणतात, "बाकी तुमी बगून घ्या, सम्राटभाऊ." ते बघून घेणं म्हणजे काय, हे मी तुला कधीच नीट सांगितलं नाही. आवाज कॉम्प्युटरमध्ये आला की स्क्रीनवर त्याची रेघ दिसते. तिच्या मागं शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी असतात, एकेक पायरी म्हणजे एकेक स्वर. रेघ पायरीच्या खाली घसरली की माऊसनं धरायची आणि पायरीवर नेऊन ठेवायची. झालं. बेसूर माणूस सुरात आला. दिवसभर मी हेच करतो. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून पत्र्याच्या खोलीत पंखा बंद. डोळे चुरचुरतात, मान धरते. संध्याकाळी आई गप्पा मारायला बसते तेव्हा मला तिचं बोलणं ऐकू येत नाही, त्याची रेघ दिसते. मग मी उठून बाहेर जातो, आणि तिला वाटतं पोरगं कंटाळलं आपल्याला.

आता त्या गाण्याचं लिहितो. तू ते नाव काढत नाहीस, मीही काढत नाही. आई पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन सही शिकली तेव्हा अण्णांनी आपल्या बायकोच्या कौतुकानं, पण तुझ्या तोंडी घालून लिहिलेलं, "अंगठा धुतला माज्या मायनं". मी नुकताच जुना कॉम्प्युटर आणून या खोलीत मांडला होता. भिंतींना गोधड्या बांधल्या होत्या. तू सासरहून दोन दिवसांसाठी आली होतीस, प्रेरणा तेव्हा तीन वर्षांची असेल. हायवेवरून गाडी हॉर्न वाजवत गेली की आपण थांबायचो. सात वेळा थांबलो, आठव्या वेळी तू सलग गायलीस. अण्णा दारात उभे होते. गाणं संपल्यावर आत गेले आणि बराच वेळ तोंड धुवत राहिले.

ताई, तू "धुतला" म्हणताना सूर जरा खालून घ्यायचीस. मग हळूहळू वर चढायचीस, आई पाटीवर अक्षर काढताना चाचपडायची तशी. मला तेव्हा ते कळलं नाही. मला फक्त स्क्रीनवरची रेघ दिसली, पायरीच्या खाली लोंबणारी. नवं सॉफ्टवेअर होतं आणि नवी हौस. तू भोंगवलीला गेल्यावर मी दोन दिवस बसून तुझा सगळा आवाज सरळ केला. एकूण एक जागा. तुला विचारलं नाही, आणि नंतर सांगितलंही नाही. तयार गाणं अण्णांना ऐकवलं, तर ते एवढंच म्हणाले, "लई गुळगुळीत झालंय रं." मी मनात म्हटलं, यांना यातलं काय कळतंय.

पुढं ते गाणं किती फिरलं ते तुला ठाऊकच आहे. या मोबाईलमधून त्या मोबाईलमध्ये, टेम्पोत, रिक्षात, हळदीच्या मांडवात. भोरच्या जयंतीच्या कार्यक्रमाला तुला बोलावणं आलं. नवी पांढरी साडी नेसून तू स्टेजवर उभी राहिलीस. लॅपटॉपवर नुसतं संगीत लावून मी खाली बसलो होतो. तू पहिलं कडवं गायलीस, तुझ्या पद्धतीनं, खालून घेत घेत. लोकांच्या कानात मात्र मी सरळ केलेलं गाणं बसलं होतं. पुढं बसलेली दोन पोरं मोठ्यानं म्हणाली, "ही ती बाई न्हाई." कुजबुज सुरू झाली. कार्यक्रमवाल्यांपैकी एक जण माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आरं, मोबाईलवरलं लाव की." आणि मी लावलं. तुझा माईक बंद केला आणि तुझ्याच आवाजाचं रेकॉर्ड सोडलं.

तू एकदा माझ्याकडं बघितलंस. मग उरलेलं गाणं संपेपर्यंत ओठ हलवत उभी राहिलीस. टाळ्या खूप पडल्या.

परत येताना टेम्पोत प्रेरणा तुझ्या मांडीवर झोपली होती. कापूरहोळच्या पुढं आलो तेव्हा तू विचारलंस, "सम्राट, घरी तेवढं चांगलं झालं, आन् स्टेजवर माजा सूर का लागला न्हाई रं?" तिथं मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "तुला रियाज कमी पडतो, ताई." तू मान हलवलीस. पदर सारखा केलास. त्यानंतर तू गायली नाहीस. लग्नात बायका आग्रह करायच्या तेव्हा तू पोळ्या लाटायला जाऊन बसायचीस. अण्णा जाण्याआधी दोनदा म्हणाले, वनिताला गायला सांगा. तू पाणी आणायला उठलीस. मला वाटायचं, संसार आहे, अंगणवाडीची नोकरी आहे, बाईला सवड कुठं मिळते. असं समजून घेणं मला सोयीचं होतं. पण यंदाच्या बुद्धपौर्णिमेला विहारात मी तुझ्या शेजारी बसलो होतो. वंदनेला सगळ्यांचे आवाज चालू होते आणि तुझे नुसते ओठ हलत होते.

तेव्हाही तुला सांगितलं नाही. आता लिहितोय ते प्रेरणामुळं.

सोमवारी दुपारी ती म्हणाली, "मामा, माजा आवाज घे ना." गंमत म्हणून माईकसमोर उभी केली. कुठलंसं शाळेतलं गाणं गायली. मी स्क्रीनकडं बघत होतो. ताई, रेघ तशीच. जिथं दुसरं कुणी सरळ पायरीवर उभं राहील, तिथं ही खालून येते आणि चढते. तिनं तुझं गाणं ऐकलेलं असेल ते मी केलेलं, सरळ. मग हे तिच्याकडं आलं कुठून, मला सांगता येणार नाही. सवयीनं माझा हात माऊसवर गेला. ती मागून म्हणाली, "कर की सरळ. आई म्हन्ते, आपल्या घरात कुनालाच सूर न्हाई, उगं लोकांफुडं गायाचं न्हाई." अगदी सहज म्हणाली, आपल्या घरात कुणी उंच नाही म्हणावं तशी. आणि पाणी प्यायला निघून गेली.

मी माऊस सोडला. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. दुसऱ्या दिवशी जुनी हार्ड डिस्क शोधून काढली. अर्ध्या फायली उघडत नाहीत, पण तुझ्या आठव्या वेळच्या गाण्याची मूळ फाईल सापडली, मी हात लावायच्या आधीची. शेवटचं कडवं खराब झालंय, बाकी आहे. ऐकायचा धीर होईना. म्हणून आधी आईला आणून खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग हेडफोन काढून म्हणाली, "ही आपली वनी हाय." तो माझ्या हातात देत तिनं विचारलं, "मंग ती मोबाईलमदली कोन व्हती रं?"

याचं उत्तर आधी तुला देतोय. मोबाईलमधली ती कुणीच नव्हती, ताई, ती मी बनवली होती. तुझा सूर त्या खोलीत लागला होता, भोरच्या स्टेजवरही लागला होता. रियाजाचं मी खोटं बोललो, कारण खरं सांगितलं असतं तर मला लाज वाटली असती. तेवढ्यासाठी तुझी बारा वर्षं गेली. माफी मागायला हे लिहीत नाही, ती मागायचं तोंड मला नाही. प्रेरणा रविवारी एसटीनं घरी येईल. तिचं गाणं मी जसंच्या तसं ठेवलंय आणि तिला यातलं काही बोललो नाही, कारण तिच्या आधी तुला कळायला हवं होतं. आपल्या घरात सूर नाही हे ती तुझ्याकडून शिकली आहे. तसं नाही, हेही तिनं तुझ्याकडूनच ऐकायला हवं. ती कारण विचारेल. तेव्हा माझं नाव घेऊन सांग, आणि मामाला सांभाळून घेऊ नकोस.

तुझाच,
सम्राट