दोन झाकणं

बाबा, तुम्हाले आन् आईले दापोलीहून धम्मशीलाचा जय भीम.

मी बरी आहे. जेवाले दोन्ही टाइम भात असते, त्यामुळं आईची भाकर लय आठवते. तिचा गुडघा कसा आहे?

फोनवर वांग्याचं विचारलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून राह्यली. आमच्या कामावर काजूच्या फांद्या बंद भट्टीत जाळतात आन् धूर थंड करून त्याचं पाणी धरतात. ते पाणी थोडंसं मिसळून फवारलं तर कीड दूर राह्यते. जास्त पडलं तर पानंच जाळते.

मी सांगतलं होतं, फवारणीच्या एका पंपाले दोन झाकणं. ते मी इथल्या छोट्या शिशीचं झाकण धरून बोलली. तुम्हाले धाडली मात्र मोठी कॅन, तिचं झाकण म्हणजे वाटीच! आपल्या अमडापुरात ज्याचं औषध त्याच्याच झाकणानं मोजतात, हे मले कसं नाही आठवलं?

शेजारच्या सुवर्णाताईनं आपल्या वांग्याच्या पानांचा फोटो धाडला. काठ करपले, मधात टिपके पडले. ती म्हणे, तुम्ही साऱ्या गावाले "उन्हानं जळालं" असं सांगून राह्यले. माझं नावही घेतलं नाही.

बाबा, लोकांले खरं सांगा. मी येईपर्यंत कॅनले हात लावू नका.

उन्हानं वांग्याचं झाड दुपारी मान टाकते आन् संध्याकाळी पुन्हा उभं राह्यते. हे मले वावरात तुम्हीच दाखवलं होतं.

तुमची,
धम्मशीला