दगडावरचा रणगाडा

१२ जाने.
पपांना जाऊन चोवीस दिवस झाले. त्यांची पदकं पेटीतून काढून पुसली. सिन्नरकडच्या आमच्या गावाहून बाळूचा फोन. चुलतभाऊ, यंदा सरपंच. शाळेपुढे पपांच्या नावाचा दगड बसवणार, २६ ला. "दादा, माहिती पाठव. लय लांबण नको."

१४ जाने.
यंदा संक्रांत नाही. माहिती लिहिली. पायदळात कमिशन. एकाहत्तरच्या युद्धात ब्रिगेडियर, कोअरच्या मुख्यालयात रसदीचं काम: पेट्रोल, दारूगोळा, शिधा, जखमींच्या गाड्या. त्याबद्दल अति विशिष्ट सेवा पदक. पुढे लेफ्ट. जनरल, परम विशिष्ट सेवा पदक. एकूण नऊ ओळी. पपांनी त्यातल्याही दोन खोडल्या असत्या.

१९ जाने.
दगडाचा फोटो आला. "शत्रूचा रणगाडा एकट्याने पकडणारे शूर सेनापती." माझ्या मजकुरातलं फक्त नाव आणि हुद्दा.
फोन केला. म्हटलं, पपा रणगाड्याच्या आसपासही नव्हते, मुख्यालयात होते.
"म्हणजे हापिसात?"
"हो."
"दादा, हापिसात बसून पदक भेटत असतं, तर आपल्या तलाठ्याला चार भेटले असते."
पपा यावर काय म्हणाले असते, माहीत नाही.

२० जाने.
काल बाळूला एक सांगितलं नाही. रणगाडा माझा आहे.
युद्धाच्या वेळी आई आणि मी गावी राहत होतो. मी नऊ वर्षांचा. पपांच्या पत्रात सगळं ट्रक आणि टायरचं. शाळेतली पोरं म्हणाली, "तुझा बाप गोदामवाला." मी म्हणालो, त्यांनी रणगाडा पकडला. एकट्याने. पोरांनी घरी सांगितलं. पपा सुट्टीवर आले तर वेशीवर बैलगाडी सजवलेली, ताशा.
घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "हे कोणी सांगितलं?" आईने माझ्याकडे पाहिलं. पपा काही बोलले नाहीत. नंतरही कधी नाही. पण गावात भाषणाला उभे राहिले नाहीत ते शेवटपर्यंत.

२३ जाने.
गावी जाऊन बाळूला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं.
"पन्नास वरसं गाव हे सांगतंय, दादा. पाच पोरं मिलिट्रीत गेली त्यापायी. एक परत नाय आला."
त्याची आई, शांताआक्का, ओट्यावरच बसली होती. आमचं बोलणं तिने ऐकलं नव्हतं. मला म्हणाली, "सायबाचा रणगाडा ऐकूनच आमचा दीपक भरती झाला व्हता. मला दगडावरचा पडदा ओढायला बोलावलंय." दीपक म्हणजे बाळूचा भाऊ, परत न आलेला तोच.
चहा घेतला. तिला काही सांगितलं नाही.

२५ जाने.
देवळालीहून एक कर्नल येणार आहेत. त्यांचा फोन: पदकं तुम्ही लावा, वारसाने उजव्या छातीवर लावायची असतात. कोटाला लावली. काढली. पुन्हा लावली.
कर्नल दगड वाचतील, पदकं पाहतील; ही सेवेची आहेत, शौर्याची नाहीत, हे त्यांना लगेच कळेल. त्याचं एवढं नाही.
बाळू म्हणाला, "दगड आता बदलणं नाय होत. माईक तुझ्याकडं देतो. काय बोलायचं ते तू पाहा. पण आक्काला सांभाळ."
टेबलाशी बसून बऱ्याच वेळाने एक वाक्य झालं: 'रणगाडा मी पकडला, नऊ वर्षांचा असताना.' त्यापुढे ट्रकांचं लिहायचं आहे, जखमींच्या गाड्यांचं, नीट.
आक्काची खुर्ची पहिल्या रांगेत आहे.