पट्टीचं दुसरं टोक

माय,

तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर मी तुला खरं पत्र कधी लिहिलंच नाही. जळगावहून पोस्टकार्ड टाकायचे, ते दादा ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा, आणि पोस्टमन आला की शेजारपाजारचेही ऐकायला येऊन बसायचे. मग मी लिहायची ते सगळ्यांना चालेल असंच. इकडे सर्व खुशाल, मुलं अभ्यास करतात, केळी औंदा बरी आली म्हणतात. बाईच्या जातीचं जे सांगायचं असतं ते भावाच्या तोंडून आईला कसं सांगणार? आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की पत्र वाचून दाखवायला कोणी लागणार नाही. म्हणून आज लिहायला बसले. जुन्या कॅलेंडरची पानं मी पाठकोरी जपून ठेवते, त्यावरच लिहितेय. नवा कागद कशाला, असं तूच म्हणाली असतीस.

माझी गर्भाची पिशवी काढली, माय. फार दिवस अंगावर जात होतं. मी सांगितलं नाही, चातुर्मास सुरू होता, म्हटलं देव सांभाळेल. देवाने सांभाळलंही, पण एक दिवस देवघरापुढे सारवता सारवता चक्कर येऊन पडले तेव्हा ह्यांनी ऐकलं नाही. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी मी लोखंडी पेटी उघडली आणि तळातून तुझी पट्टी काढली. धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून दवाखान्याच्या सामानात ठेवली. कोणती पट्टी, हे तुला सांगायला नको. श्रावणात कानबाई देवीला डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायला जाताना तू नेसायचीस, त्या हिरव्या लुगड्याची. तुझ्या दहाव्या-तेराव्याला वहिनीने तुझे कपडे वाटले, तेव्हा मी फक्त ती मागितली होती. वहिनी म्हणाली, "अक्का, चांगलं पातळ घ्या ना, ही चिंधी कसाले?" तिचंही बरोबर होतं, दिसायला चिंधीच होती.

थोरल्याच्या वेळचं आठवतं? धुळ्याकडचं आपलं गाव, मागची अंधारी खोली, शेक झालेला, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. मी नुकतीच उठून उभी राहायला शिकतेय आणि पोट असं रिकामं लोंबतंय की मला माझीच भीती वाटतेय. तू दाराला पाठ लावून उभी आहेस. लुगडं तू आत्ताच उभं फाडलंस, त्याचा टरकन आवाज अजून खोलीत आहे. "नेसतं लुगडं फाडलं वं माय," मी रडवेली होते, तर तू म्हणतेस, "तुनापेक्षा मोठं शे का लुगडं?" पट्टीचं एक टोक माझ्या पोटावर, दुसरं तुझ्या मुठीत. "फिर बेटा, फिर," तू म्हणतेस. मी जागच्या जागी गिरकी घेते, पट्टीचा वेढा बसतो, तू ताण सोडत नाहीस. पुन्हा गिरकी, पुन्हा वेढा. प्रत्येक वेढ्याला आपल्यातली पट्टी कमी होते आणि मी तुझ्याकडे सरकते. शेवटी मी फिरत फिरत थेट तुझ्या छातीशी येते. "बस्स. थांब आता." तू बाजूला गाठ मारतेस, पाठीवर हात फिरवतेस. "पोटले आधार शे ते कंबरले आधार शे. आता चाल कशी सरळ." आणि मी खरंच सरळ चालले होते. पुढच्या दोन्ही बाळंतपणांतही तीच पट्टी, तीच गिरकी. माझ्या अंगाला तूच उभं केलंस, असंच मी धरून चालले होते.

ऑपरेशन होऊन घरी आले. धाकटी लेक सासरी, तिचेच दिवस भरत आलेले, तिला बोलावणार कशी? कंबर इतकी दुखायची की मी ओणवीच चालायची, चुलीपासून मोरीपर्यंत भिंत धरून. हे म्हणायचे, "काय जमिनीवर पडलंय का तुझं?" हसवायला म्हणायचे, पण हसलं तर टाका ओढायचा. एके दुपारी हे कचेरीत गेल्यावर मी दार लावलं आणि पट्टी काढली. पण दुसरं टोक धरणार कोण? मी ते खिडकीच्या गजाला बांधलं. मागे सरले, पोटावर पट्टी धरली, आणि तुझंच वाक्य मनात म्हणत फिरत फिरत गेले. शेवटच्या वेढ्याला गजाशी येऊन थांबले. गज थंडगार होता, माय. मी थोडा वेळ तिथेच कपाळ टेकून उभी राहिले.

तरी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मी देवापुढे ताठ उभी राहिले. मग रोज दुपारी तेच. पण बाळंतपणाचं पोट वेगळं आणि कापलेलं पोट वेगळं, हे मला कोण सांगणार? बसता-उठता पट्टीची दोरी व्हायची, नेमकी टाक्यावर रुतायची. खाली घाम साचून जखम ओली झाली. ड्रेसिंगला गेले तेव्हा गाठ भिजून अशी आवळली होती की सुटेना. नर्सने कात्री घेतली. मी म्हटलं, "बाई, कापू नका, मी सोडवते." ती म्हणाली, "मावशी, जखम बघा तुमची, चिंध्या कसल्या सांभाळता?" आणि कापलं. एका जागी नाही, जिथे जिथे चिकटली होती तिथे तिथे. लुगडं फाडलंस तेव्हाचा आवाज मोठा होता, कात्रीचा काहीच झाला नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या. "अहो, फॉर्मवर सही इतकी छान करता, मॅट्रिक झालात ना? मग हे काय करून बसलात? कापड बांधायचं नाही. पोटाला आणि कंबरेला दोन्हीकडे धरेल असा पट्टा मिळतो, तो आणा." मी मान खाली घालून हो म्हटलं. निघताना नर्सला म्हटलं, "ते तुकडे देता का मला?" तिने बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. रागावली तरी पोर चांगली होती.

जखम सुकल्यावर पट्टा घ्यायला ह्यांच्याबरोबर बाजारात गेले. दुकान एका मारवाडी शेठचं, काचेत लाकडी कुबड्या आणि पायाचे मोजे टांगलेले. हे दबक्या आवाजात म्हणाले, "जरा पट्टा पाहिजे होता. कंबरेचा. म्हणजे पोटाचाही." शेठने ओळखलं आणि आतल्या घराकडे तोंड करून हाक मारली, "अजी, बाहेर या, बाईमाणूस आहे." शेठाणी आली, पदर सावरत, हाताला कणीक लागलेली, ती पुसत. मला पडद्याआड नेलं. दोन पट्टे आणले. एक जाड, आत उभ्या कडक पट्ट्या, मागून नाडीने आवळायचा. "हा मजबूत आहे ताई, कंबर हलणार नाही. पण मागून आवळायला माणूस लागतो. घरात कोण आहे? सासू? आई?"

मी म्हटलं, "नाही."

पडद्यापलीकडून हे म्हणाले, "मी आवळीन की!" मी म्हटलं, "तुमच्या पायजम्याच्या नाडीला रोज गाठ बसते, ती मीच सोडवते ना?" शेठ मोठ्याने हसले. शेठाणीही हसली. तिने दुसरा पट्टा घेतला, पोटावर रुंद, मागे दोनच कडक पट्ट्या, पुढे चिकटून बंद होणारा. माप घ्यायला तिने माझ्या दोन्ही बाजूंनी हात मागे नेले, फीत पाठीमागून काढली, तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यापाशी आलं. तिच्या पदराला तुपाचा वास होता. मला असं कोणी धरून किती काळ झाला, ते मला तेव्हा कळलं. "दोन बोटं आत गेली पाहिजेत, फार आवळू नको," ती सांगत होती. "आणि हा बघ, याचं बरं असतं. एकटीला लावता येतो. कोणी लागत नाही."

ती चांगलंच सांगत होती. मी तिथे उभ्या उभ्या रडायला लागले. शेठाणी घाबरली, म्हणाली, "दुखलं का कुठे?" मी म्हटलं, "नाही हो, बरोबर बसलाय." बाहेर आल्यावर शेठ ह्यांना सांगत होते, "जाड घ्या साहेब, टिकतो." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हाच द्या. एकटीला लावता येतो तो."

पट्टा खरंच चांगला आहे. कंबर दुखायची थांबली. मी सरळ चालते, पोळ्या उभ्याने करते. फक्त देवाला वाकून नमस्कार होत नाही, पट्टा वाकू देत नाही. मी उभ्यानेच हात जोडते, देव समजून घेईल. महिन्याचा हिशेब मांडताना मात्र अडले. पट्टा दवाखान्यात धरायचा की कपड्यांत? शेवटी कपड्यांत धरला. कशात तरी तुझ्या लुगड्याच्या रांगेत तो बसायला हवा होता. तुकडे मी पुन्हा पेटीत ठेवलेत. शिवायला घेतले होते, पण कुठला कुठे जोडायचा ते कळेना.

हे पत्र कुठे टाकणार? गावच्या पत्त्यावर टाकलं तर दादाच उघडेल, आणि त्याच्याने हे वाचवणार नाही. पेटीतच ठेवते.

एक सांगायचं राहिलं. हा पट्टा लावायला फिरावं लागत नाही. उभं राहायचं, पुढे ओढायचा, चिकटवायचा. पण सकाळी अंघोळीनंतर खोलीचं दार लावलं की मी त्याचं एक टोक पोटावर धरते, आणि दुसरं मोकळं सोडून जागच्या जागी फिरते. थांब म्हणायला कोणी नसतं, म्हणून कधी कधी जरा जास्तच फिरते.