अंगठा म्हणजे वाचलं

शनिवार, ता. १४, सकाळ
शाळेच्या ऑफिसातून

ती. दादा,

नमस्कार आधीच करून घेते. पुढचं वाचल्यावर तू तो घेशील की नाही, कोण जाणे. मी बरी आहे. जेवते, झोपते, वेळेवर शाळेत येते. रडू येत नाही, आणि त्याचंही काही वाटत नाही.

शाळा आता पूर्ण भरते. साथीत अंतर ठेवायला जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या शिपाईमामा खरवडून काढतायत, पण डिंक काही सुटत नाही. लहान गटाला वहिनीच्या जागी नवीन बाई आल्यात. चांगल्या आहेत, फक्त दटावताना स्वतःच हसतात. पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांना खिशात घातलं.

काल तुझी चिमी येऊन गेली. म्हणाली, "आत्या, बाबांनी आईचा फोटो कपाटात ठेवून दिलाय. विचारलं तर म्हणाले, जिने मला फसवलं तिचं तोंड बघायचं नाही." हे सांगताना ती माझ्या टेबलावरच्या टाचण्या रंगाप्रमाणे लावत होती.

म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला.

गेल्या वर्षी तू जहाजावर होतास, चिमी आजोळी अडकलेली. साथ जरा ओसरल्यासारखी झाली आणि शेजारच्या दोन्ही खासगी शाळांनी वर्ग उघडले. आमचे पालक रोज विचारायचे, "मॅडम, तुमचं काय?" निम्म्यांना मुलं शाळेत हवी होती, निम्म्यांना घरी, पडद्यासमोर. संस्थाचालक म्हणाले, "शिक्षकांचं मत घ्या आणि काय ते एकदाचं ठरवा." मी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं: सोमवारपासून वर्ग शाळेत भरवावेत असं वाटतं, ज्यांना मान्य आहे त्यांनी कळवावं.

सतरा शिक्षक. नऊ अंगठे आले. नऊ विरुद्ध आठ म्हणत मी तासाभरात पालकांना पत्र धाडलं.

आमच्या ग्रुपवर अंगठा म्हणजे 'वाचलं', एवढंच. ती सवय मीच लावली होती, कोणी सूचना वाचत नाही म्हणून. आठजणांना खरंच यायचं होतं, ते मी नंतर विचारून घेतलं. नववा अंगठा वहिनीचा होता. तिने मला वेगळा मेसेज केला: "वन्सं, माझा होकार धरू नका. मी फक्त वाचलं. हे घरी येईपर्यंत शाळेत पाऊल टाकणार नाही, असं ह्यांना कबूल केलंय."

पत्र जाऊन दहाच मिनिटं झाली होती. मागे घेता आलं असतं. पण मुख्याध्यापिकेला अंगठेसुद्धा मोजता येत नाहीत म्हणून हसं झालं असतं, आणि मला त्याची लाज वाटली. मी तिला फोन लावला.

"आता नाही म्हणू नकोस. दादाला मी समजावते. तू त्या विषयात पडूच नकोस."

"नक्की सांगाल ना? तुमचं ऐकतात ते. माझं म्हणजे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात."

ती आली. निम्मी मुलं समोर, निम्मी पडद्यावर. लॅपटॉप शब्दकोशांवर चढवलेला, तरी पोरं ओरडायची, "बाई, तुमचं नुसतं पोट दिसतंय!" ती हसून हसून बेजार व्हायची. मला वाटलं, बघा, जमतंय की.

तुला मी सांगितलं नाही. तुझा फोन पंधरा दिवसांनी यायचा, तोही तुटक तुटक. पुढच्या वेळी सांगू, म्हणायचे. मग एकदा मधल्या सुट्टीत, मास्क हनुवटीवर ओढून चहा पिताना ती म्हणाली, "काल ह्यांचा फोन होता. शाळेबद्दल चकार शब्द नाही. राग गेलेला दिसतोय. काय जादू केलीत?"

मी म्हटलं, "केली काहीतरी."

तीन आठवड्यांनी ती दवाखान्यात होती, आणि नंतर नव्हती. शाळेतूनच झालं हे कोणी सिद्ध करू शकत नाही, असं संस्थाचालक म्हणाले. मीही तेच धरून बसले. तू आलास तेव्हा फाटकातच म्हणालास, "मला न सांगता गेली ती शाळेत." मी तिची पर्स हातात घेऊन उभी होते. तोंड उघडलं नाही.

तिचा मेसेज कागदावर छापून सोबत जोडलाय. तारीख आणि वेळ बघ.

माफ कर असं लिहिणार होते, पण हे पत्र माझ्यासाठी नाही. दादा, तिने तुला फसवलं नाही. तुला सगळं ठाऊक आहे आणि पटलंय, असं समजून ती रोज आली. शेवटपर्यंत तसंच समजत होती.

तिला खोटं सांगणारी आणि तुला काहीच न सांगणारी,
तुझी धाकटी