सुंदरबाईच्या अठ्ठावन्न कल्पनांबाबत

मी, राधाकिशन तात्याबा घोलप, वय ७७, धंदा शेती, पूर्वी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव, राहणार लिंबागणेशजवळची वस्ती, तालुका व जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या विचाराने लिहीत आहे. कोणी बसवून लिहून घेतलेले नाही. डोळ्यांना कमी दिसते, बाकी सर्व समजते. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझी पत्नी सुंदरबाई दोन वर्षांपूर्वी वारली. ती असती तर हा कागद अर्ध्या पानात संपला असता.

१. राहते घर, चार एकर शेत व विहिरीवरची मोटार मुलगा आसाराम यास. त्याने आणखी बोअर घेऊ नये असे माझे मत आहे. सक्ती नाही.

२. दूध संस्थेतील माझे सभासदत्व सून केशर हिच्या नावे करावे. वारस म्हणून पूर्वी आसारामचे नाव दिले होते, ते रद्द समजावे. आमच्या घरी म्हशी सुंदरबाईने सांभाळल्या, धारा तिने काढल्या, केंद्रावर दूध तिने घातले आणि सभासद मी होतो. त्यातून जे झाले ते खाली लिहितो.

३. १९८६ च्या दुष्काळात सुंदरबाईने मला विचारले, “बर्फातून काढलेल्या कॅनला बाहेरून घाम येतो, तो कुठून येतो?” मी म्हणालो, हवेतून. ती म्हणाली, “मग हवेत पाणी हाय की. नुसतं गार करायचं राहिलंय.” तिची कल्पना अशी होती की पुढे घराच्या भिंती अशा बनाव्यात की उन्हानेच त्या गार होतील, जितके ऊन कडक तितका गारवा जास्त, आणि भिंतीचा घाम पन्हळीतून हौदात यावा. उन्हाने गारवा कसा होईल, हे मी विचारले. ती म्हणाली, “ते शिकलेल्यांनी बघावं. काय पाहिजे ते मी सांगितलं.”

ही सूचना मी संस्थेच्या सभेत मांडली. चेअरमन अर्जुनराव म्हणाले, “भिंतीला घाम फोडून पाणी पाजतो व्हय आमाला? त्यापरीस माझ्या म्हशीखाली घागर लाव, तीबी घामाघूम हाय.” सभा हसली. प्रोसिडिंग मीच लिहीत होतो. सूचना सभासदाचीच लिहिता येते, म्हणून ‘सचिवांनी सूचना मांडली’ असे लिहिले. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

आम्ही दोघांनी पत्र्याचा डबा करून, आत डेअरीतला बर्फ घालून करून पाहिले. वैशाखात पत्रा नुसता ओलसर झाला. आषाढात, ढग होते पण पाऊस नव्हता, तेव्हा फुलपात्रभर पाणी जमले. ते ऐकून १९८८ साली दोन अभियंते पाहायला आले. त्यांनी विचारले, कल्पना कोणाची? मी म्हणालो, माझी. सुंदरबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने चहा ठेवला आणि आत गेली. ते गेल्यावर मला म्हणाली, “तुमचीच राहू द्या. माझ्याजवळ अजून लई हायत.”

पुढे सव्वीस वर्षे तिने मला एकही सांगितली नाही. मी विचारलीही नाही.

४. तिच्या तेराव्यानंतर शेजारच्या साखराबाईने एक वही आणून दिली. साखराबाई सातवी शिकलेली आहे. सुंदरबाई सांगायची, ती लिहून घ्यायची. वहीत अठ्ठावन्न कल्पना आहेत. दुधावर साय येते तशी तलावावर साय यावी, पाऊस खाली जाऊ द्यावा, उन्हाला पाणी नेऊ देऊ नये. उसाने निवडुंगासारखे दिवसा तोंड मिटून रात्री श्वास घ्यावा, म्हणजे पाणी कमी लागेल. दूध नासण्याआधी कॅनचा रंग बदलावा. काहींपुढे तिने ‘आपल्या हयातीत न्हाई’ असे लिहवून घेतले आहे. सहा मला समजल्या नाहीत. त्या चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही.

५. संस्थेला यंदा पन्नास वर्षे होतात. स्मरणिकेत या कल्पना ‘माजी सचिवांचे विचार’ म्हणून छापायचे ठरले आहे आणि आसारामने होकार दिला आहे. मी तो होकार मोडतो. मी गेल्यावरही वडिलांच्या मानासाठी म्हणून आसारामने तसे करू नये. केले तर कलम १ मधील शेत त्यास न जाता केशरला जाईल. छापायचेच असेल तर साखराबाईला विचारून, सुंदरबाई राधाकिशन घोलप या नावाने छापावे, आणि १९८६ च्या प्रोसिडिंगमधील नोंद चुकीची होती हे माझे निवेदन आधी छापावे. निवेदन सहीसह सोबत आहे.

६. दुधाचा दाटपणा मोजायचा माझा लॅक्टोमीटर संस्थेचे सभासद शहादेव यांस. तो बरोबर दाखवतो. दूध पातळ निघाले की शहादेव त्यालाच दोष देत, म्हणून त्यांनाच देतो.

७. वही साखराबाईस देण्याचे एक कलम मी लिहिले होते. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “आप्पा, जे देताय ते तुमचं हाय का?” मी ते कलम खोडले. वही तिची आहे, काल तिच्या घरी नेऊन दिली. वकिलांचे म्हणणे होते की ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार घेऊ नये. या मृत्युपत्राने साखराबाईस काहीही मिळत नाही. म्हणून पहिली साक्ष तिची घेतली आहे.

सही : राधाकिशन तात्याबा घोलप

साक्षीदार
१. साखराबाई आसरूबा मोरे. वरील कलम ३ व ४ खरे आहे, सुंदरबाईने मला तसेच सांगितले होते.
२. गहिनीनाथ बाबुराव जोगदंड, निवृत्त शिक्षक

ठिकाण : लिंबागणेश
दिनांक : ११ मे २०१६